गच्चीवरून १४५ मेगाहर्ट्झ: पुण्यात घरच्या सगळ्यांसाठी व्हीएचएफ हॅम केंद्र उभारताना

घरातले तिघे-चौघे मिळून हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणं, सुरू करणार असाल, तर २ मीटरच्या पट्ट्यापासून सुरुवात करा. भारतात हा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ इतका आहे. या लांबीच्या लहरींना अँटेना जेमतेम अर्ध्या मीटरचा लागतो, तो एका रविवारात घरी बनतो, आणि संच हातात मावतो. लघुलहरींसाठी गच्चीभर वीस मीटर तार ताणावी लागते. सोसायटीत तिथूनच वाद सुरू होतो. व्हीएचएफला (३० ते ३०० मेगाहर्ट्झ; २ मीटरचा पट्टा यातलाच) गच्चीच्या कोपऱ्यात एक पाइप पुरतो.

बहुतेक घरांत मात्र एक चूक होते. सगळं बजेट संचावर जातं, मग उरलेल्या पैशांत मिळेल ती केबल आणि मिळेल तो अँटेना. व्हीएचएफवर याच्या नेमकं उलट करायला हवं. साधा ५ वॉटचा संच आणि गच्चीवर नीट बसवलेला अँटेना ही जोडी, खोलीत ठेवलेल्या ५० वॉटच्या संचापेक्षा लांब बोलते. पुढचं सगळं या हिशोबानेच लिहिलं आहे.

आधी परवाना, तोही प्रत्येकाचा

हॅम परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. बाबांकडे परवाना आहे म्हणून आईने किंवा मुलीने त्यांच्या कॉल साइनवर (परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळख-अक्षरांवर) बोलायचं, हे चालत नाही. दूरसंचार विभागाची ॲमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेटची परीक्षा असते आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर भरायचा असतो. किमान वय १२ वर्षं. दोन श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (ठिपके-रेघांची लिपी) लागत नाही, कॉल साइन व्हीयू३ ने सुरू होते. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावं लागतं, कॉल साइन व्हीयू२ ने सुरू होते. २ मीटरसाठी रिस्ट्रिक्टेड पुरेशी आहे.

अभ्यास एकत्र करा आणि अर्जही एकाच वेळी भरा. सातवी-आठवीतल्या मुलाला ओहमचा नियम शाळेत नाही तरी पुढे येणारच असतो. तरंगलांबी, मॉड्युलेशन, ट्रान्समीटरचे भाग आणि नियमांचा पेपर हे सगळं जेवणाच्या टेबलावर एकमेकांना प्रश्न विचारत तयार होतं. परीक्षेनंतर पोलीस पडताळणी वगैरे होऊन परवाना हातात पडेपर्यंत काही महिने जाऊ शकतात. तोवर ट्रान्समीटर असलेला संच घेऊ नका. या काळात अँटेना बांधा, केबल टाका आणि संगणकाला लावायच्या यूएसबी एसडीआर रिसीव्हरवर (फक्त ऐकणारं छोटं उपकरण) ऐका. ऐकून कान तयार झालेला माणूस पहिल्या दिवशी बरोबर बोलतो.

दोन नियम आधीच मनात पक्के करा. या पट्ट्यावर धंद्याचं बोलणं चालत नाही, आणि परवाना नसलेल्या तिसऱ्या माणसाचे निरोप पोचवायचे नसतात. शक्तीची मर्यादा परवान्यावर असते. ती वाचून मगच संच निवडा. इंटरनेटवरचे बहुतेक मार्गदर्शक अमेरिकेतले आहेत आणि तिथला पट्टा १४८ पर्यंत जातो. त्यांची १४६.५२० ही प्रसिद्ध कॉलिंग वारंवारिता आपल्याकडे पट्ट्याबाहेर आहे. स्वस्त हातसंच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही ट्रान्समिट करतात आणि त्या भागात पोलीस व इतर सेवांचे वायरलेस चालतात. म्हणून मुलांच्या हातात संच देण्यापूर्वी मेमरीत फक्त १४४ ते १४६ मधल्या वाहिन्या भरा आणि संचाला वाहिनी मोडवर कुलूप लावा. पट्ट्यातही १४५.८०० ते १४६.००० हा भाग उपग्रहांसाठी मोकळा सोडतात. तिथे घरगुती गप्पा नकोत.

पुण्याचा आकार समजून घ्या

व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर आला की मागे सावली पडते. क्षितिजापर्यंतचं अंतर काढायचं सूत्र सोपं आहे: अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. दोन्ही टोकांचं वेगवेगळं काढून बेरीज करायची. पाच मजली इमारतीच्या गच्चीवर १८ मीटर उंचीचा अँटेना असेल तर साडेसतरा किलोमीटर. रस्त्यावर उभ्या माणसाच्या हातातला संच दीड मीटरवर, म्हणजे पाच. बेरीज साडेबावीस. सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर आणि पुणे साधारण ५६०; म्हणजे गडाला शहरापेक्षा सुमारे ७५० मीटरची उंची मिळते आणि त्याचं एकट्याचं क्षितिज शंभर किलोमीटरच्या पुढे जातं.

हा हिशोब सपाट जमिनीचा. पुणे सपाट नाही. कोथरूडहून हडपसर किंवा खराडीकडे वाट बऱ्यापैकी मोकळी आहे, पण कोथरूड आणि पाषाणच्या मध्ये वेताळ टेकडी आडवी येते. सिंहगड रस्ता आणि सहकारनगर यांच्यामध्ये पर्वती-तळजाईची रांग आहे. दक्षिणेला कात्रज, बोपदेव आणि दिवे घाटाची भिंत सासवडला झाकते. पश्चिमेला सह्याद्री असल्याने मुंबईशी थेट बोलणं विसरा. तिथे उंचावरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं लगेच दुसऱ्या वारंवारितेवर पुन्हा पाठवणारं केंद्र, लागतो. म्हणून केंद्र उभारण्याआधी टेकड्यांची उंची दाखवणारा नकाशा उघडा आणि आपल्या घरापासून आत्याच्या, मामाच्या, मित्राच्या घरापर्यंत रेघ ओढा. रेघ टेकडीवरून गेली तर हात राखूनच अपेक्षा ठेवा.

अँटेना: पाव लहरीचा ग्राउंड प्लेन

पहिला अँटेना विकत घेऊ नका, बनवा. ग्राउंड प्लेनमध्ये एक उभी काठी आणि खाली तिरके झुकलेले चार रेडियल असतात. १४५ मेगाहर्ट्झची लहर २.०७ मीटर, तिचा पाव भाग ५१.७ सेंटिमीटर. धातूत लांबी जराशी कमी धरावी लागते, साधारण ०.९५ पट. म्हणून उभी काठी शेवटी ४९ सेंटिमीटरच्या आसपास येते. रेडियल ५२ सेंटिमीटरचे ठेवा. ते आडवे ठेवले तर अँटेनाचा रोध ३५-३६ ओहम राहतो. ४५ अंशांनी खाली झुकवले की तो ५० ओहमच्या जवळ येतो, म्हणजे केबलशी जुळतो. म्हणून रेडियल वाकवणं हा सजावटीचा भाग नव्हे.

सामान असं:

एक एसओ-२३९ सॉकेट, चौकोनी पट्टीचा, चार भोकांचा
पितळी ब्रेझिंग रॉड, सुमारे २.५ मि.मी. जाडीचे, पाच
एम३ चे स्टेनलेस स्क्रू, नट आणि वॉशर, चार संच
पीएल-२५९ प्लग, केबलच्या जाडीला जुळणारा
२५ मि.मी.चा पीव्हीसी पाइप, दीड मीटर, आणि एक स्क्रूची होज क्लिप
सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, साधी काळी पीव्हीसी टेप, न्यूट्रल क्युअर सिलिकॉन

सॉकेट, प्लग आणि केबल बुधवार पेठेत पासोड्या विठोबा-तपकीर गल्लीच्या भागात शोधा. रॉड वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात, स्क्रू-क्लिपा बोहरी आळीत. रॉड एक मीटर किंवा त्याहून आखूड असतात, त्यामुळे एकातून एकच तुकडा निघतो, म्हणून पाच.

उभ्या काठीचा तुकडा मुद्दाम ५१ सेंटिमीटरचा कापा. रेडियलच्या टोकाला बारीक पक्कडीने एम३ स्क्रू जाईल एवढा डोळा वळवा आणि ५२ सेंटिमीटर डोळ्याच्या मध्यापासून मोजा.

आता डाग देणं, म्हणजे सोल्डरिंग. इथेच सगळ्यात जास्त अँटेने बिघडतात. मोबाइल दुरुस्तीची २५ वॉटची डाग देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) इथे चालत नाही; रॉड सगळी उष्णता शोषून घेतो आणि शिसं वरवर बसतं. ६० वॉटची घ्या. रॉडचं टोक आणि सॉकेटच्या मधल्या पिनेची वाटी दोन्ही सँडपेपरने चकचकीत करा. रॉडच्या टोकाला आधी वेगळा डाग देऊन शिशाचा पातळ थर चढवा. मग सॉकेट बाकावर शिकंजात धरा, पिनेच्या वाटीला खालून इस्त्री टेकवा आणि वाटीत शिसं वितळून आरशासारखं हललं की रॉड सरळ आत उतरवा. इस्त्री काढल्यावर वीस सेकंद रॉड हलता कामा नये. थंड झालेला डाग चमकदार आणि कडेला निमुळता दिसला तर ठीक. राखाडी, दाणेदार, गोळ्यासारखा दिसला तर तो कच्चा आहे. आज चालेल, पहिल्या वाऱ्यात सुटेल. पुन्हा तापवा. फार वेळ तापवूही नका. सॉकेटचं आतलं पांढरं किंवा तपकिरी इन्सुलेटर मऊ झालं की मधली पिन तिरकी होते.

चार रेडियल चार भोकांत स्क्रूने घट्ट बसवा, मग ४५ अंश वाकवा. प्लग लावलेली केबल पाइपातून वर काढा आणि प्लग सॉकेटला पिळा. पाइपच्या वरच्या टोकाला दोन उभे काप द्या, प्लगवर टेपचे काही वेढे देऊन तो पाइपात गच्च बसवा, वरून होज क्लिप आवळा. पाइप धातूचा नको, निदान वरचा दीड मीटर तरी.

लांबी जुळवताना

अँटेना आता मुद्दाम लांब आहे, तो कमी कमी करत जागेवर आणायचा. एसडब्ल्यूआर मीटर किंवा छोटा नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं उपकरण) लागेल. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना केबलशी किती जुळला याचा आकडा; १ जितका जवळ तितकी कमी शक्ती परत येते. नवा विकत घ्यायच्या आधी ओळखीच्या हॅमकडे मागून पाहा; हे उपकरण वर्षातून दोनदा लागतं. मोजताना अँटेना मोकळ्यात, जमिनीपासून निदान दोन मीटर वर, माणसांपासून आणि लोखंडी कठड्यापासून दूर धरा. दिवाणखान्यात जुळवलेला अँटेना गच्चीवर नेला की बदलतो.

५१ सेंटिमीटरला एसडब्ल्यूआरचा तळ (सर्वांत कमी आकडा) १४० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसेल. तळ खाली दिसतोय याचा अर्थ काठी लांब आहे. तीन मिलिमीटर कापलं की तळ साधारण एक मेगाहर्ट्झ वर सरकतो. आपला पट्टाच दोन मेगाहर्ट्झचा, त्यामुळे शेवटी कापायचं नाही, कानस लावायची: चार वेळा घासायचं, एकदा मोजायचं. हे काम मुलांना द्या. वारंवारिता आणि लांबीचं नातं पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं, इथे कानशीखाली पितळेचा भुगा पडताना आकडा सरकलेला दिसतो. जास्त कापलं गेलं तर रॉड बदला; टोकाला तुकडा जोडत बसू नका.

तळ १४५ वर आला आणि १.५ च्या खाली असला की थांबा. १.२ आणि १.५ यांतला फरक समोरच्याला ऐकू येत नाही, त्यासाठी दुपार घालवायची गरज नाही. तो ३ च्या वर असेल तर ट्रान्समिट करू नका: प्लगमध्ये शॉर्ट, कच्चा डाग किंवा सैल स्क्रू यांपैकी काहीतरी आहे. एक धोका लक्षात असू द्या. खराब, लांब केबल एसडब्ल्यूआर चांगला दाखवते, कारण परत येणारी शक्तीही केबलच खाऊन टाकते. म्हणून मोजमाप अँटेनाजवळ, एखाद्या मीटर केबलने करा.

केबलमध्ये किती जातं

१४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबल दर मीटरला सुमारे ०.२ डेसिबल खाते. पंधरा मीटर टाकली की तीन डेसिबल गेले, म्हणजे ५ वॉटमधले अडीच वॉट केबल गरम करण्यात. ऐकतानाही तेवढंच नुकसान. आरजी-२१३ मध्ये हेच दर मीटरला ०.०९ च्या आत, एलएमआर-४०० मध्ये ०.०५ च्या आसपास. पाच-सहा मीटरपर्यंत आरजी-५८ चालेल. त्यापुढे जाड केबल घ्या, आणि शक्य असेल तर संचच वरच्या मजल्यावर ठेवून केबल आखूड करा. जुनी टीव्हीची आरजी-६ पडून असेल तर ती ७५ ओहमची आहे. ऐकण्यासाठी उत्तम, बोलायलाही अडल्यास चालते, पण तिची ॲल्युमिनियमची जाळी डाग घेत नाही, त्यामुळे पीएल-२५९ नीट बसत नाही.

केबल सरकत्या खिडकीच्या फटीत दाबू नका. एकदा चेपली की आतला इन्सुलेटर बसतो आणि रोध बदलतो. भिंतीला भोक पाडा, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून, आणि भोकात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळावरून ठिबकेल, घरात येणार नाही. अँटेनाच्या खाली केबलचे १०-१२ सेंटिमीटर व्यासाचे पाच वेढे बांधा. त्याने केबलच्या बाहेरच्या जाळीवरून परत येणारा प्रवाह अडतो.

पाऊस आणि वळीव

पीएल-२५९ जलरोधक नाही, नावाने कितीही भक्कम वाटला तरी. पाणी केबलच्या जाळीत एकदा शिरलं की वातीसारखं मीटर-दोन मीटर खाली उतरतं, जाळी काळी पडते, आणि एसडब्ल्यूआर चांगला दिसत असताना ऐकू येणं कमी होत जातं. जूनमध्ये उत्तम चाललेलं केंद्र ऑगस्टमध्ये बहिरं झालं तर आधी प्लग उघडून पाहा.

सिलिकॉन घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन तांब्या-पितळेला हिरवं करतं. न्यूट्रल क्युअर घ्या आणि उभी काठी सॉकेटमध्ये शिरते तिथे थेंबभर लावा. प्लगवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप दुप्पट ताणून, खालून वर, कौलांसारखी एकावर एक चढवत गुंडाळा. तिच्यावर साधी पीव्हीसी टेप, कारण उन्हात पहिली टेप तडकते. पाइपचं खालचं टोक बंद करू नका; आतला ओलावा निघायला वाट हवी.

अँटेनाची आधारकाठी, म्हणजे तो बसवलेला पाइप, पाण्याच्या टाकीला बांधू नका. टाकी साफ करणारा माणूस अँटेना धरूनच चढतो. जिन्याच्या खोलीच्या भिंतीला दोन क्लॅम्प, त्यांच्यात निदान साठ सेंटिमीटर अंतर. काठी पडली तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही एवढी जागा सोडा: काठीच्या लांबीच्या दीडपट. सोसायटीला लेखी अर्ज द्या, सोबत परवान्याची प्रत आणि अँटेनाचं मापासह चित्र जोडा. अर्ध्या मीटरच्या चार काड्या आहेत हे चित्रात दिसलं की निम्मे प्रश्न मिटतात.

एप्रिल-मेच्या वळवात वीज पुण्यावर सगळ्यात जास्त कडाडते. आधारकाठीचा खालचा भाग धातूचा असेल तर तो इमारतीच्या अर्थिंगला जाड तांब्याच्या तारेने जोडा. ढग दिसले की केबल संचातून काढा आणि टोक खिडकीबाहेर ठेवा. अर्थिंग आहे म्हणून केबल लावून ठेवणं चूक आहे. जवळ पडलेली वीजसुद्धा संचाचा पुढचा भाग जाळते.

वीजपुरवठा

हातसंचाची बॅटरी एका गप्पांच्या संध्याकाळीच संपते. २५ वॉटचा मोबाइल संच घेतलात तर त्याला १३.८ व्होल्ट आणि बोलताना सहा-सात अँपिअर लागतात. अनेक घरांत इन्व्हर्टरची १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी आधीच आहे, तीच वापरा. संचाच्या दोन्ही तारांना बॅटरीपाशीच फ्यूज हवा, संचापाशी नव्हे: मधे कुठे तार घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या आधीचा भाग पेटतो. तीन मीटरसाठी ४ चौरस मि.मी.ची तार घ्या. पातळ तारेत बोलताना व्होल्टेज पडतं आणि समोरच्याला आवाज गुरगुरल्यासारखा येतो. त्यावर संचाची शक्ती वाढवली की आवाज आणखी बिघडतो. बॅटरी आणि संच एकाच कपाटात कोंडू नका. चार्जिंगला बाहेर पडणारा वायू पेट घेऊ शकतो.

रिपीटर मेमरीत भरताना

पुण्यातल्या चालू रिपीटरची वारंवारिता, शिफ्ट आणि टोन शहरातल्या हॅमना विचारून घ्या. जुन्या यादीतले आकडे बदललेले असू शकतात. २ मीटरवर शिफ्ट बहुतेक उणे ६०० किलोहर्ट्झ असतो: रिपीटर जिथे बोलतो त्याच्या ०.६ मेगाहर्ट्झ खाली आपण बोलायचं.

रिपीटर ऐकू येतो पण आपल्याने उघडत नाही, ही पहिल्या आठवड्यातली हमखास तक्रार. क्रमाने पाहा. बोलताना पडद्यावरचा आकडा ६०० किलोहर्ट्झ खाली जातो का? जात नसेल तर शिफ्टची दिशा किंवा आकडा चुकला आहे. जात असेल तर पाठवण्याचा सीटीसीएसएस टोन (आवाजासोबत जाणारा, रिपीटर उघडणारा खर्जातला सूर) तपासा. स्वस्त संचांच्या मेनूत पाठवण्याचा टोन आणि ऐकण्याचा टोन वेगळे असतात. ऐकण्याच्या जागीही चुकून टोन भरला गेला आणि रिपीटर तो पाठवत नसेल तर उलटी गंमत होते: तुम्ही सगळ्यांना ऐकू जाता, तुम्हाला कोणीच ऐकू येत नाही. टोन बरोबर असूनही उघडत नसेल तर जागा बदला. अर्धा मीटर बाजूला सरकल्यानेही फरक पडतो, कारण इमारतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात आणि पाव-अर्ध्या लहरीवर सिग्नल पुन्हा उभा राहतो.

आवाज फार बारीक येतो असं समोरचा म्हणाला तर संच नॅरोवर (अरुंद वाहिनीवर) आहे का पाहा, वाइड करा. व्हॉक्स (आवाज ऐकून आपोआप ट्रान्समिट करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर कुकरची शिट्टीसुद्धा प्रसारित होते.

घरातल्यांचं बोलणं

पहिल्या आठवड्यात फक्त ऐका. मग बटण दाबा, एक सेकंद थांबा, आणि बोला. तो सेकंद सोडला नाही तर कॉल साइनची पहिली दोन अक्षरं रिपीटर उघडण्यातच जातात. समोरच्याचं संपल्यावरही दोन सेकंद मोकळे सोडा. एखाद्याला तातडीचं सांगायचं असेल तर तेवढीच फट असते. एका दमात फार वेळ बोलू नका, रिपीटरचा टाइमर तोडतो. कॉल साइन आंतरराष्ट्रीय उच्चारांत सांगा, अल्फा-ब्राव्हो-चार्ली, गप्पा मराठीत करा. निरोप घेताना ७३, म्हणजे शुभेच्छा. ८८ हे प्रेमाने म्हणायचं. ते आजी-आजोबांना राखून ठेवा.

संच तोंडापासून चार बोटं दूर, अँटेना उभा. आडवा धरला तर समोरच्या उभ्या अँटेनाशी जुळत नाही आणि सिग्नल पार पडतो. कमरेला लावलेला संच अंगामुळे आणखी अडतो. अँटेनाचं टोक लहान मुलाच्या डोळ्यांजवळ येणार नाही इतकी उंची कायम ठेवा, आणि गच्चीवर कोणी काठीजवळ असताना खालून बोलू नका. नोंदवहीत तारीख, वेळ, वारंवारिता, कॉल साइन आणि सिग्नल रिपोर्ट (किती स्पष्ट, किती जोरात ऐकू आलं) लिहा. हे काम घरातल्या सगळ्यात नीटनेटक्या अक्षराकडे द्यावं.

रविवारी टेकडी चाचणी करा. परवानाधारक एकजण घरी, दुसरा परवानाधारक मुलांना घेऊन पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, कात्रजचा जुना बोगदा असे टप्पे घेतो. प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजूंचा रिपोर्ट नकाशावर लिहायचा: हिरवा ठिपका, पिवळा, लाल. तीन-चार रविवारांत घराची सावली कुठे पडते ते कागदावर उमटतं, आणि पुढच्या वेळी काठी किती मीटर वाढवायची किंवा कोणत्या बाजूला सरकवायची हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. सिंहगडावर मात्र स्वस्त संच गोंधळतो. तिथल्या प्रक्षेपण मनोऱ्याच्या जोरदार सिग्नलने त्याचा रिसीव्हर दबतो. मनोऱ्यापासून लांब, कड्याच्या दुसऱ्या बाजूला गेलं की पुन्हा ऐकू लागतं. नारायणगावजवळ खोडद आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत आणि त्या आपल्या पट्ट्याच्या जवळपासही अवकाशातले अत्यंत क्षीण सिग्नल ऐकतात. त्या भागात फिरायला गेलात तर ट्रान्समीटर पूर्ण बंद ठेवा.

घरी सतत खरखर असेल तर संच बॅटरीवर चालवा आणि घरातले एमसीबी एकेक करून पाडा. ज्या एमसीबीला खरखर थांबली त्या खोलीत स्वस्त एलईडी दिवा किंवा चार्जर सापडतो. सगळे पाडूनही राहिली तर लिफ्टच्या ड्राइव्हकडे किंवा सोलर इन्व्हर्टरकडे पाहा. अँटेना त्यांच्यापासून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्या.

आकाशातून

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा हॅम सिग्नल १४५.८०० वर येतो. त्यासाठी हाच अँटेना पुरतो. पास, म्हणजे स्थानक आपल्या आकाशातून जाण्याची एक फेरी, दहा मिनिटांच्या आसपास असतो. मोबाइलवरच्या कुठल्याही पास सांगणाऱ्या ॲपमध्ये पुणे भरा आणि ४० अंशांहून वर जाणारा पास निवडा. डॉप्लरमुळे (स्थानकाच्या वेगामुळे) वारंवारिता येताना साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते, पण वाइड एफएमवर संच १४५.८०० वरच ठेवला तरी भागतं. अंतराळवीर रोज बोलत नाहीत. अधूनमधून एसएसटीव्हीची (आवाजाच्या रूपात पाठवलेली स्थिर) चित्रं पाठवतात, एका चित्राला सुमारे दोन मिनिटं. मोबाइलवर चित्र उलगडणारं ॲप उघडून संचाच्या स्पीकरजवळ धरा, खोलीत सगळ्यांना गप्प राहायला सांगा. खोकला आला तर चित्रात आडवा पट्टा उमटतो. १४५.८२५ वर पॅकेटचे (डिजिटल संदेशांचे) गुरगुरणारे छोटे आवाज येतात, ते स्थानकाच्या डिजिपीटरचे, म्हणजे असे संदेश पुन्हा पाठवणाऱ्या रिपीटरचे.

स्थानक डोक्यावर असताना ते चारशे-साडेचारशे किलोमीटर दूर असतं आणि आवाज खणखणीत येतो, तर बोपदेवपलीकडचं सासवड पंचवीस-तीस किलोमीटरवर असूनही शांत असतं. मुलांनी हा प्रश्न विचारला की रेघ ओढलेला नकाशा पुन्हा काढा. पहिली दोन मिनिटं काहीच आलं नाही तर स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय) पूर्ण उघडा: क्षितिजाजवळचा सिग्नल खरखरीत दबलेला असतो आणि बंद स्क्वेल्च तो कानापर्यंत येऊ देत नाही.